घरात काय हाय अन् कसं हाय

शेषेरावांचा स्वभाव भारी संशयी. रस्त्यात कुणी नुसता रामराम घातला तरी ते मनात म्हणायचे, ह्याला काय पाहिजे असंल? आणि आता तर चौकशी थेट नातीच्या तोंडून घरात शिरली होती.

"आबा, मॅडमनं सांगितलंय," तिसरीतली तनुजा म्हणाली, "घरात काय काय हाय ते सांगायचं. ते झालं नाम. मग ते कसं हाय ते सांगायचं. ते विशेषण."

"कसं हाय म्हंजे?"

"म्हंजे पक्कं घर. दुभती म्हैस. असं."

शेषेरावांना ठसकाच लागला. झालं! मागच्या साली ह्याच मंजुषा मॅडम गावात घरोघर फिरल्या होत्या. संडास हाय का, गॅस हाय का, जनावरं किती, सगळं विचारून गेल्या होत्या. आता मोठी माणसं दाद देत नाहीत, म्हणून सरकारनं लेकरांना धरलं की काय? घरकुलाच्या यादीत यंदा कुठं नाव लागलं होतं. घर म्हणजे विटांच्या दोन खोल्या अन् वर पत्रे, पण पोरगी शाळेत 'पक्कं' म्हणून आली की नाव कटलंच म्हणून समजा.

"हे बघ माय," त्यांनी आवाज खाली आणला. "घर पडकं. म्हैस भाकड. पत्रे गंजके. आपल्या घरातल्या कशालाच चांगलं म्हणायचं न्हाई. समजलं का?"

"पण आबा, म्हैस तर..."

"भाकड!"

दुसऱ्या दिवशी जिवाला चैन कुठली? म्हातारा शाळेच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. आत मॅडम एकेकाला उठवत होत्या. कुणाचं मांजर पांढरं, कुणाची चटणी तिखट. 'वरून कसं साळसूद चाललंय,' शेषेराव मनाशी म्हणाले. 'अशीच तर माहिती काढतात.'

तनुजा उठली. "पडकं घर. भाकड म्हैस. गंजके पत्रे. फुटका माठ."

माठ तिनं स्वतःच्या मनानं घातला होता. शेषेरावांनी खुशीत मिशीवरून हात फिरवला.

"सगळं बरोबर," मॅडम म्हणाल्या, पण त्यांच्या कपाळाला आठी पडली. "आता तुझ्याबद्दल सांग. तनुजा कशी?"

पोरीनं जरासा विचार केला. तीही घरातलीच होती.

"बिनकामाची तनुजा," ती खणखणीत म्हणाली आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिली.

"असं कोण म्हणतं गं तुला?"

"कुणी न्हाई. आबा म्हणले, घरातल्या कशालाच चांगलं म्हणायचं न्हाई."

शेषेरावांच्या काळजात चर्र झालं. तिथून गुपचूप निघून जाता आलं असतं, घरकुल शाबूत राहिलं असतं. पण ते तरातरा वर्गाच्या दारात गेले.

"खोटं हाय ते, मॅडम! घर धड हाय. म्हैस दोन्ही टाइम दूध देऊन राहिली. कटू द्या नाव कटायचं तर! पण माझ्या पोरीला..." त्यांनी तनुजाकडं हात केला.

मॅडम गडबडल्या. "आजोबा, अहो, नाव कोण कापतंय? मी नुसती भाषा शिकवतेय."

शेषेरावांना ते काही पटलं नाही. सरकारी माणसं असंच गोड बोलतात. तरी ते दारातून हलले नाहीत.

"जे शिकवायचं ते शिकवा," ते म्हणाले, "पण आधी फळ्यावर लिवा, मोठ्ठं. लई गुणाची तनुजा."