समुद्रावरचा ड्रम, घाटनांदूरच्या दारी

मी एक निळा ड्रम बोलतोय. घाटनांदूरच्या माणसांना मी इथलाच वाटतो, पण माझं पहिलं आयुष्य भर समुद्रात गेलं.

रसायन भरून जहाजाने मला तेलविहिरीच्या फलाटावर नेलं. तिथे तेलाबरोबर खारं पाणीही वर येतं. पाइप गंजू नयेत, जंतू माजू नयेत म्हणून माझ्यातलं औषध त्यात सोडत. तेल वेगळं झालं की ते पाणी साफ होऊन परत समुद्रात जाई, आणि औषधाचा थोडा अंशही त्याच्याबरोबर. खाली मासे फिरत. त्यांना सावध करायला मला तोंड नव्हतं.

रिकामा झालो आणि भंगारात गेलो. हात बदलत इथल्या बाजारात आलो, तिथे छबुबाईंनी मला घेतलं. माझ्यावरची रसायनाच्या नावाची चिठ्ठी केव्हाच निघून गेली होती. त्यांनी राखेने घासून मला लख्ख केलं. इतक्या मायेने माझ्यावरून कुणी हात फिरवला नव्हता. पाण्याचा टँकर आला तेव्हा त्यांनी मला काठोकाठ भरलं, आणि मी धास्तावलो.

त्याच दुपारी त्यांचा मुलगा राम सुट्टीवर आला. तो तशाच एका फलाटावर कामाला आहे. त्याची लेक आरोही माझ्यात पेला बुडवत होती. रामने झाकण हुंगलं आणि तिच्या हातातला पेला काढून घेतला.

"माय, ह्यातलं पाणी प्यायचं न्हाई."

"कावून? लई धुतलाय मी त्याला."

"ह्यात तेलाच्या रिगवरचं औषध होतं. ते प्लॅस्टिकात मुरतंय, धुऊन जात न्हाई."

त्या पाण्यासाठी छबुबाई उन्हात रांगेत उभ्या राहिल्या होत्या. तरी मला कलंडायला पहिला हात त्यांनीच लावला. पाणी खडीत जिरत होतं आणि त्या तोंडाला पदर लावून बघत होत्या. शेजारच्या वनमालाने दोन भरल्या कळशा आणून ओट्यावर ठेवल्या.

राम मला भंगारवाल्याला देणार होता. छबुबाईंनी अडवलं. "मग दुसऱ्या कुणाच्या घरात पाण्याला जाईल त्यो. इथंच राहू दे."

रामने माझ्या अंगाला भोकं पाडली. मला सुटल्यासारखं वाटलं. आता माझ्यात पाणी साठत नाही. दगड भरून त्यांनी मला रस्त्याच्या वळणावर उभं केलंय. मला बघून ट्रॅक्टर सावकाश होतात आणि शाळेची पोरं बिनघोर पलीकडे जातात.

घरी ड्रम आणाल तेव्हा त्याने आधी काय वाहिलं ते विचारा, बाबांनो. आणि छबुबाई, तुमच्यामुळे माझ्यातलं विष कुणाच्या घशात उतरलं नाही. हे उपकार मी विसरणार नाही.