दार धरायची पाळी

"घट्ट धरा. आणि फटीतून बघायचं नाही, ताई. मुलांना लगेच कळतं," मोठ्या मॅडम म्हणाल्या. हर्षालीचा हात स्वतःच्या हातानं कडीवर ठेवून त्या वर्गात गेल्या.

कडी बसत नव्हती. चौकट फुगलेली, कुणी ओढून धरल्याशिवाय दार मिटायचंच नाही. पाथर्डी फाट्याजवळच्या बंगल्यातल्या या बालवाडीत रोज एका आईची मदतीला पाळी असे. डबे उघडून द्यायचे, नाकं पुसायची, शूला न्यायचं. दार धरणंही त्यातच येतं, हे हर्षालीला आज कळलं. तिची ही पहिलीच पाळी.

आत साडेतीन वर्षांची वेदिका होती. डब्यातली भेंडी तिनं संपवली नाही आणि वर मॅडमना 'नाही खाणार' म्हणाली. म्हणून 'शांत खोली'. पाच मिनिटं. खोलीत गुंडाळलेल्या सतरंज्या, स्नेहसंमेलनाचे पुठ्ठ्याचे डोंगर आणि उंचावर एक जाळी, बस.

"मावशीऽ, उघड ना गं... मावशीऽ"

आतून ओढणारी एवढीशी, एका बोटानं दार धरता आलं असतं. तरी हर्षालीनं दोन्ही हात लावले होते.

"मॅडम, ती फार रडतेय हो," तिनं वर्गाकडे तोंड करून सांगितलं.

"रडू द्या. आत्ता उघडलंत तर आधीचं सगळं फुकट. आणि तुम्ही कशाला घाबरता? जबाबदारी माझी."

जबाबदारी माझी. ऐकून हर्षालीला एकदम हलकं वाटलं, आणि मग त्या हलकं वाटण्याचीच धास्ती वाटली.

लहानपणी देवळा गावच्या शाळेत बाई बाहेर गेल्या की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायला तिलाच उभं करत. ती प्रामाणिकपणे लिहायची, जिवलग मैत्रिणीचंसुद्धा. गुणाची पोरगी, सगळे म्हणायचे. तिला सायन्सला जायचं होतं. वडील आर्ट्स म्हणाले, ती आर्ट्सला गेली. बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं. माणसं वरच्याचं निमूट का ऐकतात, या प्रश्नाला तिला सोळापैकी चौदा पडले होते. सातही कारणं अजून पाठ होती. कुणी सांगितलं असतं तर क्रमानं म्हणून दाखवली असती.

समोरच्या वर्गात तिचा समर्थ ओठांवर बोट ठेवून रांगेत बसला होता. दार उघडलं तर मॅडम राग कुणावर काढतील? अजून दीड वर्ष त्याला इथंच काढायचं होतं.

"नव्या हायेत म्हणून जीव तुटतोय. व्हईल सवय," मालनबाई फरशी पुसत पुसत जवळ आल्या. शाळेच्या सुरुवातीपासून त्या इथं कामाला होत्या.

"मावशी, तुम्ही का नाही धरत?"

"मला सांगत्यात व्हय! आयांनीच धरायचं, असा कायदाच हाय इथं." त्यांनी फडकं पिळलं आणि आवाज खाली आणला. "जिनं धरलं ती मग कुठं बोंबलाया जाती का? मॅडम लय शिकेल बाई हाय, उगं नाय."

"म्हणजे सगळ्याच..."

"समद्याच. मागल्या बुधवारी तुमच्या समर्थच्या येळंला त्या पल्लवीताई नव्हत्या का? चांगली धा मिन्टं धरलं. तुम्हाला नाय बोलल्या?"

बुधवारी दुपारी हर्षालीनं स्वतःच पल्लवीला फोन केला होता. 'अगं, एकदम मस्त राहिला! तू ना, उगाच टेन्शन घेतेस.' त्या दिवसापासून समर्थ बाथरूमचं दार लोटू देत नव्हता. तिनं कार्टूनला दोष दिला, टीव्ही बंद केला, दृष्टसुद्धा काढली.

पल्लवी तरी काय सांगणार होती? आज संध्याकाळी वेदिकाच्या आईचा फोन आला, तर आपण काय सांगणार होतो?

आतला आवाज थांबला.

"बघा! झाली की नाही शांत?" मॅडम वर्गातून म्हणाल्या. "अजून दोन मिनिटं धरा."

हर्षालीनं हात काढून घेतले. दार करकरत मागं गेलं.

वेदिका हाताची घडी घालून उभी होती. नाक वाहत होतं, पुसलेलं नव्हतं.

"ये बाळा. चल, बाहेर ये."

वेदिका हलली नाही. हर्षालीच्या कमरेमागून तिनं वर्गाकडे पाहिलं. "मॅम बोलल्या?"

हर्षालीनं पुढं केलेले हात तसेच राहिले. ओढून बाहेर काढणं सोपं होतं; पण तेही दार धरण्यासारखंच झालं असतं. ती आत गेली, ओढणीनं पोरीचं नाक पुसलं आणि सतरंज्यांना टेकून तिच्याशेजारी खाली बसली.

"हर्षालीताई!" मॅडम उंबऱ्यात आल्या होत्या. "दार कुणाला विचारून उघडलंत? उठा. बाहेर या आधी."

तिचे गुडघे सवयीनं उचलले गेलेच. तिनं ते हातांनी दाबून खाली धरले. ती उठली नाही. शेजारी वेदिका हळूच खाली बसली.

मॅडमच्या मागं, वर्गाच्या दारात, समर्थ येऊन उभा राहिला होता. त्यानं आत बसलेल्या आईकडे पाहिलं, मग मॅडमकडे. विचारण्यापुरतं ओठांवरचं बोट काढलं.

"मॅम, माझ्या आईला किती मिनिटं?"