चढावरचा काटा

गाडी उकळली ती नेमकी चढाच्या मध्यावर. हौद्यात ओल्या मातीची पोती आणि माणूसभर उंचीच्या कुंड्या होत्या, आणि वरच्या हॉटेलचा मॅनेजर सारखा फोन करून "कुठवर आलात?" विचारत होता. "आलेच, आलेच," म्हणत ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली होती आणि बॉनेटमधून निघणारी वाफ बघत होती.

नवऱ्याची नजर अधू झाली तेव्हापासून पिकअप तीच चालवायची. रोपं, माती, कुंड्या, कुणाचं काय असेल ते. सुरुवातीला लोक हसले, मग त्यांना सवय झाली, आणि नंतर तर तिचा तोंडाचा पट्टा सुरू झाला की स्टँडवरचे भले भले ड्रायव्हर आपापल्या गाड्यांखाली काहीतरी तपासायला सरकू लागले. या उन्हाळ्यात हॉटेलच्या नव्या बागेचं काम मिळालं होतं. रोजचा चढ होता. सपाटीवर गाडी शहाण्यासारखी वागायची, चढ लागला की घोडं पेंड खायचं. आतापर्यंत तीन मेकॅनिक झाले होते. एक म्हणाला इंजिन म्हातारं झालंय, दुसरा म्हणाला माल जास्त भरता, तिसरा म्हणाला बाईमाणूस गिअर चुकीचा टाकतं. तिसऱ्याची तिनं अशी खरडपट्टी काढली की तो अजून तिला बघून रस्ता बदलतो.

"अगं, जावई आपला रेडिएटरवाला," नवरा त्या संध्याकाळी म्हणाला, "आणि आपण तापलेली गाडी घेऊन दारोदार फिरतोय. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. दुसऱ्यानं काम बिघडवलं तर चार शब्द सुनावता येतात. जावयाला काय सांगू? हात फार चांगला हो तुमचा, जावईबापू, फक्त गाडी पेटली?"

नवरा हसला, पण तिचं म्हणणं खरंच होतं. लेकीनं हा मुलगा स्वतः पसंत केला होता. लग्नाला दोन वर्षं झाली तरी त्याच्या तोंडून सासूनं 'हो', 'नको' आणि 'पुरे' याच्या पुढचं काही ऐकलं नव्हतं. माणूस वाईट नव्हता, पण समोर बसला की भिंतीशी बोलल्यासारखं वाटायचं. गाडी घेऊन त्याच्या दुकानात ती अजून एकदाही गेली नव्हती.

शेवटी लेकीचाच फोन आला. बापानं चुगली केली होती.

"आई, सकाळी गाडी इकडे आणतेस की मी यांना घेऊन तिकडे येऊ?"

दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, भिंतीला टेकवलेल्या जुन्या जाळ्या, आणि मध्ये पाण्याची टाकी. गळका रेडिएटर त्या टाकीत बुडवला की बुडबुडे दाखवून देत, भोक कुठं आहे ते. मागच्या दोन खोल्यांत संसार. जावई हात पुसत बाहेर आला. "या, आई," म्हणाला आणि बॉनेटमध्ये डोकं घालून बसला.

बऱ्याच वेळानं डोकं बाहेर आलं. "जाळी पातळ आहे. एवढा माल, एवढा चढ, हिला झेपायचा नाही. जाड जाळीचा मोठा बसवू?"

"बसवा."

लेकीनं स्टूल आणून दिलं. त्यावर बसून ती डोळ्यांत तेल घालून बघत राहिली. त्यानं जुनं पाणी सोडलं, ते विटकरी रंगाचं निघालं. नितळ येईपर्यंत तो इंजिनमधून पाणी खेळवत राहिला. कडक झालेले पाइप बदलले. पाणी गरम झालं की वाट मोकळी करणारा थर्मोस्टॅटही नवा घातला. नवा रेडिएटर जुन्यापेक्षा जाड, त्यामुळे फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं कव्हर काही केल्या बसेना. त्यानं ते फिरवून फिरवून पाहिलं आणि भिंतीशी ठेवून दिलं. मग इंजिन गार ठेवणारं कूलंट भरलं, आतली हवा निघून जावी म्हणून गाडीचं नाक उतारावर वर करून ठेवलं, आणि बुडबुडे थांबल्यावरच झाकण लावलं.

"पुरे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी माल भरून ती निघाली. हायवेवर तापमानाचा काटा जागचा हलला नाही. तिचा जीव भांड्यात पडला. पण चढ लागला, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हायला लागली, आणि काटा हळूहळू वर सरकला. लाल पट्ट्याच्या अलीकडे तिनं गाडी बाजूला घेतली. तळपायाची आग मस्तकात गेली होती. लेकीला फोन लावून ती एवढंच म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला सांग, गाडी तापली." पुढचे शब्द तिनं दाताखाली दाबून धरले.

जावई स्कूटरवरून आला. हेल्मेट आरशाला अडकवून तो थेट बॉनेटकडे गेला. तिला वाटलं, आता हाही म्हणणार, इंजिन म्हातारं झालंय.

"आई, काटा कधी चढला?"

"चढावर. आणि कधी?"

"गाडी वेगात होती तेव्हा ठीक होता?"

"हायवेवर एकदम गार. हळू चालायला लागले की चढतो. मघाशी गुरं आडवी आली, उभी राहिले, तेव्हा तर सरसर वर गेला."

तो गाडीपुढं उकिडवा बसला. मान न वळवता म्हणाला, "माझं चुकलं. वेगात वारा आपोआप जाळीतून जातो. हळू असताना सगळं फॅनवर. आणि कव्हर नसलं की फॅन इकडचीतिकडची हवा ओढतो, जाळीतून ओढतच नाही. मला माहीत होतं. ते बसेना, म्हणून वाटलं, मोठा रेडिएटर आहे, निभेल."

तीन मेकॅनिक झाले, पण काटा कधी चढतो हे तिला कुणी विचारलं नव्हतं. आणि 'माझं चुकलं' तर कुणाच्या स्वप्नातही नसेल.

"मग आता?" तिनं विचारलं.

"पत्र्याचं नवं करतो. गाडी गार होऊ दे, सावकाश उतरू."

ती घरी गेलीच नाही, दुकानातच थांबली. खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्यानं माप आखलं, तिनं पुठ्ठा फॅनवर दाबून धरला. पहिला पत्रा अरुंद कापला गेला.

"बोटभर जास्त ठेवा की हो," ती म्हणाली. "कापलेला परत जोडता येत नाही."

दुसरा बरोबर आला. रिव्हेट मारताना पत्रा तिनंच धरला. बसवून फॅन हातानं फिरवला, तर एका कडेला खर्र आवाज. काढलं, कड ठोकली, पुन्हा बसवलं. पुन्हा खर्र. लेक आतून ओरडली, "जेवायला येताय की फॅनलाच वाढू?" तिघंही हसली. रात्री ती लेकीकडेच राहिली. सकाळी उठून पाहते तो जावई रात्रभर तिथंच राबलेला, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, आणि फॅन बिनआवाज फिरत होता.

"मी येतो बरोबर," तो म्हणाला.

चढाला लागल्यावर त्याची नजर काट्यावर खिळलेली होती.

"काट्याकडे मी बघते," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर बघा जरा. पार वर, हॉटेलापर्यंत आलाय का कधी?"

"नाही."

काटा मध्यापर्यंत आला आणि थांबला. वळणामागून वळण गेलं, तो तिथंच. जावई पहिल्यांदाच सीटला पाठ टेकून बसला.

"एक विचारू का?" ती म्हणाली. "तुम्ही माझ्याशी बोलत का नाही हो?"

तो गडबडला. "लग्नाआधी हिनं बजावलं होतं. आईसमोर जेवढ्यास तेवढं बोला, एखादा शब्द चुकला तर आई सोलून काढेल."

ती इतकी हसली की तिला गिअर सापडेना. मग तो बोलायलाच लागला. जाळी, सोल्डरिंगचे डाग, पितळ, ॲल्युमिनियम. तिला निम्मं कळलं नाही, पण तिनं थांबवलं नाही.

वर मॅनेजर फाटकातच उभा होता. "काल यायचं होतं ना, बाई? माळी दिवसभर हात बांधून बसले!"

ती काही बोलायच्या आत जावई खाली उतरला. "काल माझ्यामुळे अडलं. काम मी कच्चं केलं होतं. त्यांना बोलू नका." आवाज बारीक होता, पण तो जागचा हलला नाही. मॅनेजर पुटपुटत आत गेला. तिनं हौद्याची फळी उघडली आणि पहिल्या पोत्याचं एक टोक धरलं. दुसरं त्यानं.

त्या उन्हाळ्यात बाग पुरी झाली. गाडी रोज चढली आणि एकदाही थांबली नाही.

पण त्या दिवशी माल उतरवून खाली येताना, पहिलं वळण ओलांडायच्या आतच जावयाला झोप लागली. त्याचं डोकं खिडकीच्या काचेला टेकलं होतं. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून बेजार झाला, पण ती खड्डा न् खड्डा चुकवत, पहिल्या गिअरमध्ये, हळूहळू उतरत राहिली.