तिरक्या ओढीचे भोवरे

लातूरच्या भूकंपाच्या वर्षी अक्षरा दहावीला होती. त्या हिवाळ्यात उदगीरला यंत्रं बसवायला आलेल्या एका शास्त्रज्ञानं तिला सांगितलं, की वारा सूर्याकडूनही येतो आणि त्यानं होकायंत्राची सुई थरथरते. ते तिच्या डोक्यात बसलं ते बसलंच. दहा वर्षांनी ती लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवत होती आणि उरल्या वेळात नांदेडच्या रेणुकादास सरांकडे पीएच.डी. करत होती. विषय : ध्रुवावरच्या आभाळात विद्युतभारित वायू कसा वाहतो.

सौर वाऱ्याचं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलं, की पृथ्वीच्या क्षेत्राशी त्याची गाठ पडते. मग हा वायू ध्रुवावरून पृथ्वीच्या दिवसाच्या बाजूकडून रात्रीच्या बाजूकडे ओढला जातो आणि दोन्ही कडांनी परत फिरतो. असे दोन भोवरे. तिच्या जुन्या पुस्तकात ते सारखे होते. तिच्या प्रोग्रामनं काढलेल्या नकाशांत मात्र कधी हा फुगलेला, कधी तो. प्रोग्राममधली चूक शोधण्यात चार महिने गेले. लाजेनं सरांना काही बोलली नाही.

बसवजयंतीला ती उदगीरला घरी गेली. तिची आई उमाबाई हुग्गीसाठी, म्हणजे गव्हाच्या खिरीसाठी, मोठ्या कढईत गूळ विरघळवत होती. उलथनं मधून सरळ ओढलं, की फेसाचे दोन सारखे भोवरे. वाफ लागून हात तिरका गेला, आणि एक भोवरा मोठा झाला.

"अव्वा, पुन्हा कर! तसंच तिरकं!"

"येडी झालीस का? काय बघायलीस?"

अक्षरानं आईला मिठीच मारली.

ध्रुवावरची ओढही अशीच तिरकी होत असणार! लातूरला येताच तिनं सौर वाऱ्याचं क्षेत्र पूर्वेकडे झुकलेले दिवस एकीकडे आणि पश्चिमेकडचे दुसरीकडे केले. नकाशे चोख उतरले! झुकाव बदलला, की फुगणारा भोवराही बदलत होता.

तिनं सरांना फोन लावला. सर खळखळून हसले. "हे जगाला ठाऊक आहे गं. पण तुझं तू शोधलंस, म्हणजे प्रोग्राम पक्का. आता झुकाव बदलल्यावर भोवरे किती मिनिटांत बदलतात ते काढ. त्यावर अजून वाद आहेत."

दुसऱ्या दिवशी वर्गात तिला राहवेना. फळ्यावर दोन भोवरे काढले तशी पंचशीला नावाची मुलगी उठली.

"मॅडम, हे सीईटीला येतं का?"

"न्हाई येत."

"मग सांगा की निवांत!"

आख्ख्या वर्गानं वह्या मिटल्या.