ओकाराचे सोळा दात

"आजोबा, शिक्का उलटा मारलात," मी म्हणाले.

संमतिपत्रावर आमचं आडनाव 'कुसुनोकी' खाली डोकं वर पाय होऊन उभं होतं. शिओमी डॉक्टरीणबाईंनी कागद ओढून घेतला. "असू दे. नाव तुमचंच आहे ना?" त्यांनी ओकाराला उचललं आणि आतलं दार लावून घेतलं.

ओकारा आमची कुत्री. वय तेरा, रंग टोफू करताना उरणाऱ्या चोथ्यासारखा, नावही त्या चोथ्याचंच. महिनाभर तिच्या डोळ्याखाली सूज होती, मग ती फुटून पू यायला लागला. मी घरात रान उठवलं, कुणी ऐकेना. शेवटी परवा शाळेच्या गणवेशातच तिला सायकलच्या टोपलीत घातलं आणि एकटी दाखवून आले. कुणालाही न विचारता केलेली माझ्या आयुष्यातली पहिली मोठी गोष्ट. दोन दिवस मी घरात मान ताठ करून फिरत होते. आज मात्र, सूज दातांमुळे आहे म्हणून तिला भूल देणार होते, आणि मी आजोबांकडे बघायचं टाळत होते.

कारण आजोबांचं दुकान कुत्र्या-मांजरांचे केस कापायचं असलं, तरी आमच्या इमाबारी गावात त्यांचं नाव होतं ते दातांमुळे. जनावराला आमच्या गावच्या जाड टॉवेलात गुंडाळायचं, मांडीवर घ्यायचं, काहीतरी गुणगुणायचं आणि लोखंडी आकडीने दातांवरचं पिवळं किटण खरवडून काढायचं. भूल नाही, सुई नाही. चावरी मांजरंसुद्धा त्यांच्या मांडीवर पेंगायची. दोन-दोन गावांपलीकडून लोक यायचे, कारण सगळ्यांना भीती एकच: भूल दिली आणि उठलंच नाही तर? आजोबांचा कुत्रा साकुबेई भूल दिल्यावर खरंच उठला नव्हता. आई तेव्हा लहान होती. त्यानंतरच आजोबांनी आकडी हातात घेतली.

ओकाराचे दात ते दर महिन्याला साफ करायचे. एवढे पांढरे दात आख्ख्या गल्लीत कुणाचे नव्हते, माझेसुद्धा.

दवाखान्यात त्यांना बसवेना. दाराजवळच्या चपला त्यांनी जोडीजोडीने लावल्या, मग सगळ्यांची तोंडं फिरवून पुन्हा लावल्या. मग शेजारच्या बाईंच्या मांजराच्या कानामागचा गुंता सोडवायला घेतला. बाई बघतच राहिल्या.

"आजोबा, बसा ना."

"बसलोय की," ते उभ्या उभ्याच म्हणाले. मग हळूच, "मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही आकडी काढली असती."

त्यांनी मांजराचा दुसरा कान धरला. "तिचे दात स्वच्छ होते, चिगुसा."

"हो."

"माझ्या डोळ्यांसमोर होते."

दोन तासांनी डॉक्टरीणबाई आल्या. हातात एक्स-रे होता. "एवढ्या म्हाताऱ्या कुत्रीचे इतके पांढरे दात मी पाहिले नव्हते," त्या म्हणाल्या. "पण सडलं होतं ते हिरडीच्या आत. जाग्या जनावराच्या तिथे आकडी पोचतच नाही, कुणाचीही. सोळा दात काढले. जबडा इथे बघा, अंड्याच्या टरफलाइतका पातळ उरलाय."

आजोबांनी एक्स-रेकडे पाहिलंच नाही. "उठली का?"

"उठतेय."

"दुखत होतं तिला?"

"बरेच महिने."

"ती कधी कुरकुरलीसुद्धा नाही."

"तुमच्या मांडीवर होती ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आत ओकाराची जीभ एका बाजूने लोंबत होती. आजोबांनी गुणगुणायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी नुसता हात ठेवला. टॉवेलाखाली शेपटी एकदा हलली.

शनिवारी निनोमियाकाकू त्यांची पूडल घेऊन दुकानात हजर झाल्या. आजोबांनी तिचा ओठ उचलला, अंगठ्याने हिरडी दाबली, अंगठा नाकाशी नेला.

"हिला डॉक्टरांकडे न्या."

"ते भूल देतील हो. तुमचा हात असताना कशाला?"

"माझा हात आतपर्यंत पोचत नाही, निनोमियाबाई. इतकी वर्षं नुसतं वरचंच चकाकवत आलो. चुकलं माझं."

काकू गेल्यावर त्यांनी गिऱ्हाइकांची वही काढली आणि पहिल्या पानापासून एकेकाला फोन लावायला घेतला. फोन कानाला धरूनच ते कमरेत वाकून माफी मागत होते. आधी मला हसू आलं. दहाव्या फोननंतर मी त्यांच्या पाठीमागे उशी नेऊन ठेवली. तिला ते टेकलेच नाहीत.

संध्याकाळी आम्ही ओकाराचे दात घेऊन अंगणात गेलो. खालचा दात पडला की छपरावर टाकायचा आणि वरचा घराच्या लाकडी जमिनीखालच्या पोकळीत, म्हणजे नवा सरळ येतो. माझे सगळे असेच टाकले होते. ओकाराला नवे येणार नव्हते, तरी आजोबांनी एकेक टाकला. दुकानाच्या पत्र्यावर सात वेळा टण् वाजलं. उरलेले नऊ त्यांनी वाकून लाकडी ओट्याखालच्या पोकळीत सरकवले. मग ॲप्रनच्या खिशातून आकडी काढली. तिची मूठ झिजून त्यांच्या बोटांच्या आकाराची झाली होती.

"ही वरच्यांत की खालच्यांत?" मी विचारलं.

ते खरंच विचारात पडले. एकदा छपराकडे पाहिलं. मग गुडघे टेकून, हात खांद्यापर्यंत ओट्याखाली घालून, ती पोचेल तितकी आत ठेवून दिली.