सुरभीची सर्दी

सुरभीला साधा खोकला झाला तरी त्याचा न्यूमोनिया व्हायचा. रोगाशी लढायची ताकद तिच्या अंगात जन्मतःच कमी होती. लाखात एखाद्या लेकराला होणारा हा आजार आंजी गावात नेमका तिच्या बापाच्या, कैलासच्या घरी आला होता. त्याची बायको छाया शिंकणाऱ्या माणसाला अंगणातूनच परत पाठवायची.

नागपूरच्या एका दवाखान्यात अशा मुलांच्या अंगात ती ताकद आणणाऱ्या नव्या गोळ्यांची चाचणी सुरू झाली. प्रयोग उंदरावर करतात, नातीवर नाही, असं म्हणून सासरे अण्णाजी रुसून बसले. तरी छाया पोरीला घेऊन गेलीच. डॉक्टर सुलोचना यांनी बजावलं, की बारीकसं दुखणं आलं तरी लगेच फोन करा.

गोळ्या मानवल्या आणि सुरभी शाळेत जाऊ लागली. पहिल्याच आठवड्यात तिला सर्दी झाली, अंग तापलं. फोन केला तर पोरीला चाचणीतून काढतील, गोळ्या बंद होतील, असं छायाच्या मनानं घेतलं. तिनं कैलासलाही शपथ घालून गप्प केलं आणि पोरीच्या उशाशी बसून राहिली. तीन-चार दिवसांत सुरभी आपली आपणच उठली आणि भाकर मागू लागली.

पुढच्या तपासणीला छायानं सगळं ठीक असल्याचं सांगितलं. तेवढ्यात सुरभी बोलली, "मॅडम, मले सर्दी झालती. आपोआप गेली."

डॉक्टर आधी रागावल्या. जिवावर बेतलं असतं तर काय केलं असतं, असं त्यांनी विचारलं. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाल्या, "याच सर्दीची आम्ही वाट पाहत होतो. हिनं ती स्वतः परतवली असेल, तर ते औषधाचं यश. पण तपासणीच झाली नाही, तर आम्ही ते कशावरून म्हणणार?"

छायानं मग आपली भीती सांगितली, तेव्हा आजारी पडलं म्हणून चाचणीतून कुणाला काढत नाहीत, हेही त्यांनी समजावलं.

हिवाळ्यात अर्धा वर्ग नाक पुसत होता. सुरभी ठणठणीत. या वेळी सर्दी आली की लगेच फोन करायचा, असं ठरवून छाया रोज सकाळी तिचं कपाळ चाचपायची, थंड लागलं की हिरमुसायची आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटायची.

अण्णाजी हे बघत होते. एक दिवस म्हणाले, "पोरगी बिमार पडून नाई राह्यली, अन् तू तोंड पाडून बसली. मी हासू का रडू, तूच सांग मले."

छायाला हसू आवरेना. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा हात सुरभीच्या कपाळावर होताच.