तीन रेघा अलीकडे

मित्रांनो, आज सकाळपासून तुमच्यापैकी चौघांनी मला हाताळून पाहिले आणि एकीने माझ्याकडे बघून "अजून साडेचारच?" असे विचारले. तिचा दोष नाही. माझी तबकडी गोल आहे, तिच्यावर आकडे आहेत आणि काटाही आहे. पण मी वेळ सांगत नाही, वजन सांगतो. आरोग्य केंद्राच्या या खोलीत दाराजवळच्या खिळ्याला अडकवलेला, तान्ह्या बाळांची वजने करणारा मी एक जुना काटा. माझ्या खालच्या हुकाला झोळी लावतात, झोळीत बाळ ठेवतात आणि मग सगळे घर श्वास रोखून माझ्या तबकडीकडे बघत राहते.

तुम्ही परिचर्या शिकायला आला आहात. रुग्णालयातले वॉर्ड तुमचे पाहून झाले. उद्यापासून मोठ्या सिस्टर तुम्हाला वस्तीत घरोघरी नेतील आणि मीही पिशवीत बसून बरोबर येईन. त्याआधी मला काहीतरी सांगायचे आहे. ते मला शांतपणे सांगता येईल असे वाटत नाही. माझ्या पोटात स्प्रिंग आहे, साधे दार आपटले तरी माझा काटा थरथरतो. शिवाय जे सांगायचे आहे ते मला आजही टोचते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या चष्मेवाल्या कारागिराने मला दिवसभर नुसते छळले. एक किलोचे वजन लाव, काढ, पाच किलोचे लाव, पुन्हा काढ. माझा जीव मेटाकुटीला आला. संध्याकाळी त्याने माझ्या पाठीवर शिक्का मारला आणि शेजारच्याला म्हणाला, "हा खोटं बोलायचा नाही." तेवढ्या एका वाक्यावर मी अठरा वर्षे मान ताठ ठेवून काढली.

अठरा वर्षांत मी किती दारे पाहिली त्याची गणती नाही. कुठे मला चौकटीच्या हुकाला टांगले, कुठे जिन्याच्या कठड्याला, तर एकदा चक्क दुसऱ्याच्या सायकलच्या दांड्याला. बाळे माझ्या झोळीत रडली, हसली, झोपली. काहींनी जे करायचे ते सगळे झोळीतच उरकून घेतले. मध्यंतरी केंद्रात एक आकडे चमकवणारा नवा काटा आला आणि माझी रवानगी कपाटात झाली. दोन वर्षे मी डांबराच्या गोळ्यांच्या वासात काढली. मग पावसाळ्यात त्या नव्याने मान टाकली आणि सगळ्यांना माझी आठवण झाली. राग आला होता, पण झोळीत पहिले बाळ पडले आणि तो कुठल्या कुठे गेला.

रुग्णालयात माणूस आजारी पडल्यावर येतो. इथे आपण तो आजारी पडायच्या आधी त्याच्या दारात जाऊन उभे राहतो. मोठ्या सिस्टर विद्यार्थिनींना एवढेच सांगतात आणि चालू लागतात. त्यांच्या चालण्याचा वेग पाहून बाकीचे शिक्षण आपोआप होते.

आता माझे एक गुपित ऐका. खिळ्यावर मोकळा असताना माझा काटा शून्यावर नसतो, तो शून्याच्या तीन रेघा अलीकडे उभा असतो. एक रेघ म्हणजे शंभर ग्रॅम. केंद्रातल्या मावशींनी माझ्यासाठी जाड कापडाची, भक्कम पट्ट्यांची झोळी शिवली. तिचे वजन भरले बरोबर तीनशे ग्रॅम. मोठ्या सिस्टरांनी झोळी लावून माझ्या पाठीचा छोटा स्क्रू फिरवला आणि काटा शून्यावर आणला. म्हणजे झोळी लागली की मी शून्य. झोळी काढली की मी तीन रेघा मागे. यात बिघाड काहीच नाही.

गेल्या वर्षीच्या तुकडीत एक विद्यार्थिनी होती. मैत्रिणी तिला 'व्याख्या' म्हणायच्या, कारण काहीही विचारले की ती व्याख्येपासून सुरुवात करायची. "सामुदायिक आरोग्य परिचर्या म्हणजे..." असे ती म्हणाली की मागच्या बाकावरच्या मुली जांभया द्यायच्या. पण पोरगी कष्टाळू होती. चादरीला एक सुरकुती पडलेली तिला खपत नसे.

एका सोमवारी ती सगळ्यांच्या आधी केंद्रात आली. मला खिळ्यावरून काढण्याआधी तिने माझ्याकडे निरखून पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"अगंबाई, याचा काटा शून्यावरच नाहीये!"

पुस्तकात लिहिले होते की वजन करण्याआधी काटा शून्यावर आहे का ते पाहावे. ते अगदी खरे आहे. पण ते झोळी लावून पाहायचे, हे तिला कोणी दाखवले नव्हते. तिने माझ्या पाठीचा स्क्रू फिरवला. एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा. मोकळा काटा शून्यावर आणून ठेवला आणि समाधानाने हात झटकले. मित्रांनो, आळशी मुलगी असती तर तिने माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नसते आणि सगळे सुरळीत झाले असते. मला ओरडावेसे वाटले, पण मला तोंड कुठे आहे?

सोमवारी आणि मंगळवारी मिळून तिने अकरा बाळांची वजने केली. प्रत्येकाच्या खात्यावर मी तीनशे ग्रॅम फुकटचे चढवले. आया खूश झाल्या. एकीने मला नमस्कारसुद्धा केला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

त्यात पहिलेच घर होते इस्त्रीवाल्या ताईंचे. एकच खोली, अर्ध्या खोलीत लाकडी मेज, त्यावर जड लोखंडी इस्त्री आणि जमिनीपासून खांद्यापर्यंत चादरींचे ढीग. पाच महिन्यांची त्यांची धाकटी. मागच्या महिन्यात तिचे वजन पाच किलो दोनशे होते. त्या दिवशी माझ्या काट्याने पाच किलो चारशे दाखवले. व्याख्याने बाळाच्या वाढीच्या कार्डावर ठिपका काढला, रेघ जोडली आणि हसून म्हणाली, "ताई, छान वाढतेय हं बाळ."

ताईंनी मुलीला झोळीतून उचलले. क्षणभर तशाच हातांवर धरून ठेवले.

"सिस्टर, मला तर हलकी लागतेय."

"अहो, आईला वाटतंच तसं. काटा खोटं थोडंच बोलेल?"

त्या वेळी माझा काटा थरथरला. तिला वाटले, वारा आला.

खरे वजन होते पाच किलो शंभर. मुलगी वाढली नव्हती, उलट शंभर ग्रॅमने घटली होती. हे त्या खोलीत फक्त मला माहीत होते, आणि ताईंच्या हातांना.

बुधवारी त्याच गल्लीतून जाताना ताईंनी दारातूनच हाक मारली. "सिस्टर, जरा आत या. तो काटा आहे ना बरोबर? लावा बरं एकदा."

"ताई, परवाच तर वजन केलं. रोज रोज नाही करायचं."

"बाळाचं नाही हो. माझ्या इस्त्रीचं करा."

व्याख्याला हसू आले. "इस्त्रीचं?"

"दहा वर्षं हीच उचलतेय. घेतली तेव्हा दुकानदाराने माझ्यासमोर तोलून दिली, बरोबर पाच किलो. दोन रात्री मला झोप नाही, सिस्टर. एक तर माझे हात चुकतायत, नाहीतर हा चुकतोय. एकदाचं कळू दे."

"पण झोळी खराब होईल..."

"पुसून देते की! लोकांच्या पांढऱ्या चादरींवर फिरते ती, तुमच्या झोळीचं काय घेऊन बसलात?"

मला चौकटीला टांगले. झोळी लागली. गार, पुसलेली इस्त्री आत बसली. मी लटलट कापलो आणि मग थांबलो. पाच किलो तीनशे.

व्याख्या बघतच राहिली. तिने इस्त्री काढली. रिकामी झोळी लोंबत होती आणि काटा तीन रेघांवर उभा होता. तिने झोळी काढली, काटा शून्यावर आला. पुन्हा लावली, पुन्हा तीन रेघा. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

ताईंनी मुलीला उचलून छातीशी धरले आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांना खरे ठरायचे नव्हते. आपले हात चुकावेत म्हणून त्या दोन दिवस झुरल्या होत्या.

व्याख्या मला घेऊन गल्लीच्या तोंडाशी आली आणि तिथल्या पायरीवर बसली. तिचा अंगठा माझ्या स्क्रूवर होता. तिच्या मनात काय चालले होते ते मला त्या अंगठ्यातून कळत होते. स्क्रू तीन रेघा मागे घ्यायचा, केंद्रातल्या वहीत अकरा आकडे बदलायचे, पुढच्या महिन्यात कार्डे आपोआप सुधारतील. कोणालाही पत्ता लागणार नाही. तिच्या नावापुढे वाईट शेरा लागणार नाही. पण महिनाभर अकरा घरांतल्या कार्डांवर खोटी रेघ तशीच राहील आणि त्यातले कोणते बाळ घटते आहे हे कोणी विचारणार नाही. अंगठा स्क्रूवर गेला, परत आला, पुन्हा गेला. एवढी बेचैनी मी कपाटातल्या दोन वर्षांतही सोसली नव्हती.

शेवटी ती उठली आणि शेजारच्या गल्लीत मोठ्या सिस्टर एका आजोबांच्या पायाची पट्टी बदलत होत्या तिथे गेली. सगळे सांगितले. सिस्टरांनी पट्टीची गाठ मारेपर्यंत मान वर केली नाही.

"किती घरं?"

"अकरा."

"मग उभी काय राहिलीस? चल."

पहिल्या दारात, म्हणजे ताईंच्याच, व्याख्याने चाचरत सुरुवात केली, "ताई, ते काय झालं, काटा बिघडला होता..."

मोठ्या सिस्टरांनी तिच्याकडे नुसते पाहिले.

"नाही," व्याख्या म्हणाली. "काटा चांगला होता. मी बिघडवला. माझी चूक झाली."

मित्रांनो, तेव्हा मला जे वाटले ते मी कसे सांगू? चष्मेवाल्या कारागिराचा शिक्का कोणीतरी पुन्हा पाठीवर मारल्यासारखे वाटले.

झोळी लावून मला शून्यावर आणले. मुलीचे वजन झाले. पाच किलो शंभर. रेघ खाली वळली. ताई म्हणाल्या, "हं." त्यात रागही होता आणि सुटकाही.

मग व्याख्या मेजाखालच्या चादरी सरकवून जमिनीवर बसली. तिने काहीही शिकवले नाही. "ताई, सकाळी उठल्यापासून तुमचा दिवस सांगा," एवढेच म्हणाली. तेव्हा कळले की महिन्यापासून एका मोठ्या वसतिगृहाच्या चादरी येत आहेत, ताई सकाळपासून मेजाशी उभ्या असतात, आणि बाळाला सांभाळते सात वर्षांची थोरली. अंगावरचे दूध दिवसातून दोनदाच होते. बाकी वेळ बाटली.

"बाटली कशी बनवतेस गं?" मोठ्या सिस्टरांनी थोरलीला विचारले.

"एक चमचा पावडर," ती अभिमानाने म्हणाली, "आणि वरपर्यंत पाणी! म्हणजे भरलेली दिसते."

कोणी तिला रागावले नाही. सिस्टरांनी तिला जवळ घेतले. त्याच दिवशी बाळाला डॉक्टरांना दाखवले. मेजाच्या डोक्याशी, इस्त्रीची वाफ लागणार नाही अशा जागी, पाळणा बांधला. दर दोन तासांनी इस्त्री बाजूला ठेवून अंगावर पाजायचे ठरले आणि घड्याळाकडे लक्ष ठेवायचे काम थोरलीला मिळाले. ती एक मिनिटही इकडचे तिकडे होऊ देत नसे, असे ऐकले. पंधरा दिवसांनी मुलगी पाच किलो चारशे भरली. या वेळी ते माझे खरे होते.

त्या बुधवारी आणि गुरुवारी आम्ही घरोघर फिरलो. व्याख्या प्रत्येक दारात तेच सांगत होती, "माझी चूक झाली." एका बापाने तिला वाट्टेल ते सुनावले. तिने ऐकून घेतले. एका आजीने पाणी दिले. आणखी दोन बाळे घटलेली निघाली आणि वेळेवर सापडली. दहा घरे झाली.

अकराव्या घराला कुलूप होते. बांधकामावर काम करणारे जोडपे, त्यांचा आठ महिन्यांचा मुलगा. शेजारीण म्हणाली, "कालच गेले. दुसरीकडे काम लागलं. कुठे ते नाही बाई सांगितलं." व्याख्याने ठेकेदाराला विचारले, नाक्यावरच्या दुकानदाराला विचारले, आठवडाभर रोज त्या कुलपापाशी जाऊन आली. मोठ्या सिस्टरांनी आसपासच्या सगळ्या केंद्रांना कळवले. अजून काही समजले नाही. त्या मुलाच्या आईच्या पिशवीत एक कार्ड आहे आणि त्यावर माझ्या नावाने काढलेली सुंदर, वर जाणारी रेघ आहे.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, मला हात नसले तरी. मला टांगाल तेव्हा झोळी लावूनच माझे शून्य बघा. बाळ खाली उतरले की आधी त्याच्या आईला विचारा, "हाताला कसं लागतंय?" आणि तुम्ही पुढे जिथे कुठे नोकरी कराल, तिथे एखाद्या अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या आडोशाला नवे बिऱ्हाड आलेले दिसले आणि आईने कौतुकाने कार्ड पुढे केले, तर कार्डावर जाऊ नका. मुलाला उचलून घ्या. पुन्हा वजन करा. आता तो दीड वर्षाचा असेल. त्याच्या डाव्या कानामागे तीळ आहे. सापडला, तर कसा आहे ते मला येऊन सांगा.